पूर्वेच्या ओढ्याचं चौथं वर्ष

सांगलीला परत येऊन मला तीन आठवडे झाले. कर्जत-खालापूरकडे पावसाळ्यात लोक जातात ते धबधबे बघायला, भाजलेली कणसं खायला आणि फोटो काढायला. मी गेलो होतो दोन ओढ्यांचं पाणी बाटल्यांत भरायला. त्यामुळे या लिहिण्यात प्रेक्षणीय स्थळं नाहीत. गावाचं आणि तलावाचं नावही मी मुद्दाम लिहिलेलं नाही. कडावहून डोंगराच्या बाजूला थोडं आत गेलं की ते गाव लागतं, एवढं पुरे.

मी माने. एका संस्थेच्या पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत साहाय्यक होतो, आता निवृत्त आहे. नोकरीच्या सुरुवातीला, तिशीही गाठली नव्हती तेव्हा, मला ओळीने सहा पावसाळे या तलावावर पाठवलं होतं. तलाव लहान. त्याला दोन ओढे मिळतात, एक पश्चिमेकडून, एक पूर्वेकडून. आठवड्यातून एकदा, आणि पावसाने जोर धरला की रोज, दोन्ही ओढ्यांचं पाणी घ्यायचं, गाळणकागदातून गाळायचं, कागदावर राहिलेला गाळ वाळवून त्याचं वजन करायचं आणि पाण्यातलं नत्र नि स्फुरद तपासायचं. खताच्या पोत्यावर छापलेलं असतं तेच नत्र आणि तेच स्फुरद. शेतात ते पीक वाढवतात, तलावात शेवाळ.

माझ्यानंतर हे काम इतरांनी केलं, मधे काही वर्षं बंद पडलं, पुन्हा सुरू झालं. आता मृणाल नावाची पुण्याची एक संशोधक हे सगळे तुकडे जोडून एक सलग नोंद तयार करते आहे. इतक्या वर्षांत या ओढ्यांमधून तलावात जाणारा गाळ आणि खतं कशी बदलत गेली, हे तिला मांडायचं आहे. तिचा फोन आला.

"काका, तुमच्या वेळी पाणी नेमकं कुठून घ्यायचे, ते तुमच्याशिवाय कुणी सांगू शकणार नाही. याल का?"

मी हो म्हणालो. नाही म्हणायला कारण होतं, पण ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं.

चौक

श्रावणाचा शेवटचा आठवडा होता. घाट उतरून एसटीने मला जुन्या हायवेवर चौकला सोडलं. मृणाल पुण्याहून स्वतःची गाडी घेऊन आली होती आणि एका ढाब्याच्या पत्र्याखाली उभी होती. तिशी-पस्तिशीची, बारीक चणीची, पायात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट. गाडीच्या मागच्या सीटवर रिकाम्या बाटल्यांचे क्रेट होते. माझ्या वेळी मी काचेच्या बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून पत्र्याच्या पेटीतून न्यायचो आणि दर खेपेला एखादी फुटायचीच.

आम्ही मिसळ मागवली. सांगलीकडच्या माणसाला ती सौम्यच लागणार, तशी लागली. पाऊस थांबून थांबून पडत होता. प्रबळगड ढगांत गेलेला, खाली रस्त्यावर मात्र ट्रकची रांग, हवा भरणारे, पंक्चर काढणारे, सगळं नेहमीसारखं चालू. समोर टायरचं दुकान होतं. पूर्वी तिथे माझ्या एका मित्राचं गॅरेज होतं आणि गॅरेजच्या मागे त्याची राहायची खोली.

"तुम्ही तेव्हा इथेच उतरायचात का?" मृणालने विचारलं.

"कधीकधी," मी म्हणालो.

तिने ते डायरीत लिहून घेतलं. ती सगळंच लिहून घेते.

कडाव

कडावला एका दूध डेअरीच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या. पहाटेपासून खाली कॅन आपटल्याचे आवाज आणि बायांचं बोलणं. "गं" आणि "रं" शिवाय इथे वाक्य पुरं होत नाही. खिडकीतून चारी बाजूंना भातखाचरं. आमच्याकडे कृष्णाकाठी नदी एकच आणि तिला घाट, देवळं, आरत्या. इथे पाणी सगळीकडून येतं, आणि निम्म्या ओढ्यांना नावही नसतं.

दुपारी नुसतेच फिरून आलो. एक शेतकरी बांधावरून चालत खाचरात मुठीने युरिया फेकत होता. मृणालने त्याला विचारलं, "दादा, किती वेळा मारता खत?"

"दोनदा. पाऊस लय झाला तं तिसऱ्यांदा." त्याने मूठ झटकली. "निम्मं पानीच घिऊन जातंय, काय करनार?"

मृणालला हवं होतं ते वाक्य त्याने आपणहून दिलं. संध्याकाळी खोलीवर तिने लॅपटॉप उघडून मला आलेख दाखवला. पश्चिमेचा ओढा भातखाचरांतून आणि जंगलातून येतो. त्याच्या गाळाची रेघ इतक्या वर्षांत जवळजवळ सपाट होती, नत्राची मात्र सावकाश चढत गेलेली. ते त्या शेतकऱ्याच्या मुठीतून निसटलेलं निम्मं. पूर्वेच्या ओढ्याचं तसं नव्हतं. पहिली चार वर्षं गाळाची रेघ खाली, पाचव्या वर्षी एकदम उभी वर. मग बरीच वर्षं वरच, आणि अलीकडे थोडी उतरलेली.

"अलीकडे डोंगरावरचे प्लॉट बांधून झालेत, लॉन लागलीत, म्हणून माती कमी येते," ती म्हणाली. "पण स्फुरद वाढतंय. म्हणजे पाणी दिसायला स्वच्छ, आणि चैत्रात तलाव हिरवागार. लोक म्हणतात पाणी सुधारलं. पाणी सुधारलेलं नाही." मग तिने पाचव्या वर्षावर बोट ठेवलं. "ही उडी बघा. त्याच्या आधीच्या हिवाळ्यात ओढ्याकाठी एक वीटभट्टी सुरू झाली होती. तुमच्या संस्थेच्या जुन्या अहवालातही तेच कारण दिलंय."

मी पाचव्या वर्षाकडे बघत नव्हतो. मी चौथ्याकडे बघत होतो.

चौथ्या पावसाळ्यात मी तलावावर गेलोच नव्हतो. आई आजारी होती किंवा घाट बंद होता, असं काही सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. खरं कारण कंटाळा. तीन पावसाळे ओल्या कपड्यांत काढले होते आणि तिन्ही वर्षी आकडे साधारण तेच आले होते. चौथ्या वर्षी चौकला मित्राच्या खोलीत मी पत्ते खेळत बसलो आणि आदल्या वर्षीचे आकडे थोडे मागेपुढे करून वहीत भरले. एखाद्या आठवड्यापुरतं म्हणून सुरू केलं आणि पुरा पावसाळा तसाच गेला. पाणी आणणारा मी, गाळणारा मी, वजन करणाराही मीच. पाचव्या वर्षी पुन्हा गेलो तर पूर्वेचं पाणी तांबडंलाल होतं; काठची भट्टी पावसामुळे थंड होती, कुणाची ते मी विचारलं नाही. ते मात्र होतं तसं लिहिलं. सहाव्या वर्षानंतर माझी बदली झाली, आणि अहवाल निघाला तो मी वाचलासुद्धा नाही.

मृणालला त्या संध्याकाळी मी काही सांगितलं नाही. एवढ्या लांब रेघेत एका ठिपक्याने काय होतं, असं मनाशी म्हटलं आणि झोपलो. झोपही लागली.

तलावावर

दुसऱ्या दिवशी सकाळी आधी पश्चिमेच्या ओढ्यावर गेलो. मी ज्या जांभळीला दोर बांधून पाण्यात उतरायचो ती जांभूळ जागेवर होती, बुंधा दुप्पट झालेला. मृणालने जागेची नोंद घेतली, मी बाटल्या भरल्या. हात अजून बरोबर चालत होते. बाटलीचं तोंड प्रवाहाकडे, आधी तीनदा खळबळायची, तळाला लावायची नाही.

पूर्वेला दोर बांधायचा उंबर सापडला, पण तो आता एका रिसॉर्टच्या तारेच्या कुंपणात होता. फाटकावरचा रखवालदार परभणीकडचा निघाला. मी सांगलीचा म्हटल्यावर त्याने पहिला प्रश्न विचारला, "तुमच्याकडं ज्वारीचीच भाकर ना?" इथल्या तांदळाच्या भाकरीने पोट भरल्यासारखं वाटत नाही, अशी त्याची तक्रार होती. एवढ्या ओळखीवर त्याने आम्हाला आत सोडलं.

"पाणी तपासून काय निघतं, साहेब?"

"वरून काय आलं ते."

"वरून तर सगळंच येतं." त्याने आजूबाजूला पाहिलं. "शनिवार-रविवारचे पाहुणे गेले की सोमवारी मागची टाकी ओढ्यात मोकळी करतेत. मी काही बोललो नाही बरं का."

मृणालने एक बाटली तिथे भरली आणि दुसरी कुंपणाच्या वरच्या अंगाला, पाणी हद्दीत शिरण्याआधी. दोन बाटल्यांवर दोन चिठ्ठ्या. रखवालदाराचं नाव तिने लिहिलं नाही.

तिथून आम्ही ओढा तलावाला मिळतो त्या मुखाशी गेलो. इथे माझा अंदाज चुकला. माझ्या आठवणीत त्या जागी छातीभर पाणी होतं. आता तिथे हिरवं गवत होतं, त्यात दोन बगळे. इतक्या वर्षांचा गाळ साचून जमीन झालेली. मी सरळ चालत गेलो आणि सातव्या-आठव्या पावलाला गुडघ्याच्या वरपर्यंत आत गेलो. पाय उपसायला गेलो तर दुसरा आणखी खोल. मृणाल काठावरून ओरडत होती, "हलू नका काका, हलू नका!"

पलीकडच्या बांधावरून आवाज आला. "कोन रं त्यो तिकडं? त्या गवतावर जाऊ नुका, म्हस गेलीय त्याच्यात!"

डोक्यावर प्लास्टिकची खोळ घेतलेली एक बाई लांब बांबू घेऊन आली. तिने बांबू आडवा टाकला. "पोटावर पडा. लाजू नुका, पडा." मी पडलो. ती आणि मृणाल दोघींनी मिळून मला ओढून काढलं. एक बूट आतच राहिला. मी चिखलाने माखून बसलो होतो, आणि ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

"मानेभाऊ का तुमी?"

त्या ताराबाई. माझ्या वेळी त्या नव्याने सासरी आलेल्या होत्या. त्यांचे यजमान बबनराव ओढ्याला पूर असला की माझा दोर काठावरून धरायचे, आणि ते शेतावर असले की ताराबाई धरायच्या. मी त्यांना ओळखलं ते आवाजावरून.

"बबनराव कुठे आहेत?"

"गेलं ते. पाच वर्सं झाली." त्यांनी बांबू उचलला. "चला, पाय धुवा, मंग जेवा. आसं कुटं जाताव?"

ताराबाईंच्या घरी

घर ओढ्यापासून दोन शेतं वर आहे. पुढे पडवी, बाजूला गोठा, गोठ्यात दोन म्हशी, त्यांचं दूध कडावच्या डेअरीला जातं. मुलगा कंपनीत कामाला गेलेला, सून अंगणवाडीत. मला धोतरासारखं गुंडाळायला बबनरावांचा पंचा मिळाला. जेवायला तांदळाची भाकरी, कंटोळीची भाजी, वालाचं बिरडं. श्रावण म्हणून सुकटीचं नाव नव्हतं. भाकरी इतकी पातळ आणि मऊ की रखवालदाराची तक्रार मला पटली नाही.

मृणालने विचारलं, "ताराबाई, ओढ्याकाठी वीटभट्टी होती ती कुणाची?"

"आमचीच." त्यांनी माझ्या ताटात भाजी वाढली. "दोन हंगाम चालली. मंग बंद केली. सायबांच्या कागदात आलं ना, भट्टीची माती तलावात गेली म्हनून. पंचायतीनं बंद कराया सांगितली. भांडलं नायत ते. बोलले, कागदात हाय तं खरं आसंल." त्या भाकरी थापायला वळल्या. "नंतर टेंपो चालवला, गवंड्याच्या हाताखाली गेले. पन गावात कोनबी बोलायचा, तलाव बबननं भरला. लग्नात, मयतीत, कुटंबी. मस्करीत बोलायचे, पन बोलायचे."

मी जेवण थांबवलं होतं. ताराबाई पाठमोऱ्या बोलत होत्या.

"भट्टीच्या आदल्या साली वरच्या डोंगराला रस्ता काढलेला. जेसीबी लावून. त्या पावसाळ्यात पानी बघायला पायजे व्हतं, कुंकवावानी लाल. हे बोलायचे, मानेभाऊ आसता तं लिवलं आसतं. त्या साली तुमी आलाच नाय ना. आमाला वाटलं आजारी हाव, पुढल्या साली इचारलं बी नाय."

मृणालने ताटावरून मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. ताक पिऊन, पंचा परत करून, ओल्या पँटमध्ये मी बाहेर पडलो.

बांधावरून परतताना ती पुढे होती. थोडं अंतर गेल्यावर ती थांबली, आणि तिने विचारण्याआधी मी सांगून टाकलं. काय केलं, कुठे बसून केलं, का केलं. ती ऐकत होती. पाऊस बारीक पडत होता, आणि तिने छत्री उघडली नव्हती.

"बाकीची पाच वर्षं?" तिने विचारलं.

"खरी आहेत."

"ते मी कशावरून मानायचं?"

खोलीवर गेल्यावर तिने माझ्या जुन्या वह्यांचे स्कॅन उघडले. पान न् पान पुढे सरकवलं. पहिल्या तीन वर्षांची पानं डागाळलेली, शाई फुटलेली, एका पानावर चिखलाचा अंगठा. पाचवं आणि सहावं वर्षही तसंच. मधल्या चौथ्या वर्षाची पानं स्वच्छ करकरीत, अक्षर एकसारखं.

"मला वाटलं होतं, त्या वर्षी तुम्ही नीट लिहायला शिकलात," ती म्हणाली.

मग तिने लॅपटॉप मिटला. तिच्या आवाजात राग नव्हता, निदान मला दिसला नाही. ती म्हणाली, वर्षभराचा बहुतेक गाळ मुसळधार पावसाच्या चारदोन दिवसांतच वाहून येतो. ते दिवस ज्या वर्षी कुणी पाहिले नाहीत, ते वर्ष कशानेही भरून निघत नाही. ते काढून टाकायचं, एवढंच करता येतं.

"परवा गावात सभा आहे, मी हे सगळं तिथे दाखवणार आहे. त्याआधी ताराबाईंना सांगा. त्यांना पहिल्यांदा सगळ्यांसमोर कळायला नको."

कळंब

सकाळी मी एकटाच ताराबाईंकडे गेलो. त्या गोठ्यात धार काढत होत्या. मी दाराशी उभा राहून सांगितलं. त्यांचा हात थांबला नाही, चरवीत दुधाचा आवाज चालूच राहिला.

"म्हंजे कागदावर आला व्हता तुमी," त्या म्हणाल्या. "आमाला काय म्हायती?"

"हो."

"आन व्हताव कुटं?"

"चौकला. मित्राकडे पत्ते खेळत होतो."

"पत्ते," त्या म्हणाल्या. म्हशीच्या पोटाला डोकं टेकून त्यांनी धार पुरी केली. मग चरवी उचलून कोपऱ्यात ठेवली, झाकली. "सभेत सांगाल?"

"सांगीन."

"आसंच सांगा. पत्त्यांचं पन सांगा."

चहा विचारला नाही. इथे दारात आलेल्याला गवती चहाची पात घातलेला चहा विचारल्याशिवाय कुणी सोडत नाही, हे मी पाच पावसाळे पाहिलेलं होतं.

दुपारी नव्या आलेखाच्या प्रती काढायला आम्ही कळंबला गेलो. शनिवार होता. रस्त्यात मुंबईच्या गाड्या, गाड्यांतून मोठ्याने गाणी, रिसॉर्टच्या पाट्यांखाली सेल्फी. झेरॉक्सच्या दुकानात एक कुटुंब ओळखपत्रांच्या प्रती काढत होतं, खोल्या घ्यायच्या होत्या त्यांना. आमचा कागद मशिनमधून बाहेर आला. पूर्वेच्या रेघेत आता तिसऱ्या आणि पाचव्या वर्षामध्ये रिकामी जागा होती. दुकानदाराने कागद उजेडात धरला.

"मॅडम, ही लाईन मधेच तुटलीय. पुन्हा काढू का?"

"नाही," मृणाल म्हणाली. "तशीच हवीय."

परत येताना गाडीत ती म्हणाली, "रस्त्याची माती किती आणि भट्टीची किती, ते त्या एका वर्षावरूनच वेगळं करता आलं असतं." मी हो म्हणालो.

शाळेच्या खोलीत

सभा रविवारी दुपारी शाळेच्या एका वर्गात झाली. लोक मुलांच्या बाकांवर गुडघे दुमडून बसले होते. सरपंचबाई पुढे, शेजारी ग्रामपंचायतीचं इतिवृत्ताचं रजिस्टर. ताराबाई मागच्या भिंतीशी उभ्या राहिल्या, बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत.

मृणालने आधी दोन ओढ्यांचं सांगितलं, सोप्या शब्दांत. पश्चिमेला युरिया कसा वाहून जातो, पूर्वेला आधी माती कशी आली आणि आता सांडपाणी कसं येतं, पाणी नितळ दिसूनही तलाव हिरवा का होतो. मग म्हणाली, "मधल्या एका वर्षाबद्दल माने काका सांगतील."

मी उभा राहिलो आणि सांगितलं. पत्त्यांचंही सांगितलं. त्या शब्दाला मागे दोघंतिघं हसले आणि लगेच गप्प झाले. बहुधा त्यांनी ताराबाईंकडे पाहिलं असावं.

पहिला उठला तो डोंगरावरच्या प्लॉटांचे व्यवहार करणारा एक गृहस्थ. "म्हणजे यांचे सगळेच आकडे खोटे. मग आमच्या रिसॉर्टवाल्यांना कशाला बोलता?"

उत्तर मृणालने दिलं. माझं एक वर्ष तिने काढून टाकलं आहे. आताचं स्फुरद तिने स्वतः मोजलं आहे. आणि कुणाला शंका असेल त्याने सोमवारी सकाळी बाटली घेऊन तिच्याबरोबर ओढ्यावर यावं. गृहस्थ बसले. सोमवारी ते आले नाहीत.

मग एक म्हातारे शेतकरी उभे राहिले. ते बबनरावांच्या वयाचे असावेत. "सायेब, येवडं सांगा. भट्टीनं गाळ आला का नाय आला?"

नाही म्हणणं सोपं होतं. ताराबाई ऐकत होत्या.

"थोडा आलाच असणार," मी म्हणालो. "काठची माती काढली की पावसात थोडी जातेच. किती गेली ते मी सांगू शकत नाही. पण सुरुवात भट्टीने झाली असं अहवालात लिहिलं गेलं, ते माझ्या खोट्या आकड्यांवरून. त्याआधी रस्त्याची माती आली होती. ती मी पाहिली नाही, कारण मी इथे नव्हतो."

पत्र्यावर पाऊस वाजत होता. मग म्हातारे ताराबाईंकडे न बघता म्हणाले, "मस्करी मीच जास्त करायचो," आणि बसले.

ताराबाई भिंतीपासून पुढे आल्या. सरपंचबाईंच्या टेबलाशी उभं राहून म्हणाल्या, "भट्टी बंद करा म्हनून याच रजिस्टरात लिवलेलं ना तवा? मंग हेबी लिवा."

सरपंचबाईंनी लिहिलं. पूर्वीचा ठराव ज्या अहवालावर झाला त्यातल्या एका वर्षाच्या नोंदी खोट्या होत्या. गाळाची सुरुवात वीटभट्टीमुळे झाली असं म्हणता येत नाही. खाली माझी सही घेतली. त्यापुढचा ठराव डोंगरावरच्या रिसॉर्टांना सांडपाण्याबद्दल पत्र पाठवण्याचा होता, तो वादावादीनंतर झाला. पत्राचं पुढे काय झालं ते मला अजून कळलेलं नाही. संस्थेला मी सांगलीला आल्यावर लेखी कळवलं आहे. पोच आली आहे.

सोमवारी सकाळी ओढ्यावर बाटल्या भरून मृणाल तिथूनच थेट पुण्याला निघाली. मी कर्जतच्या एसटीसाठी गावच्या फाट्यावर थांबलो. ताराबाई डेअरीत दूध घालून परतत होत्या, हातात रिकामी किटली. मला बघून थांबल्या. त्या सभेनंतर माझ्याशी बोलल्या नव्हत्या.

"गाडी येल आता," त्या म्हणाल्या.

मी मान हलवली. रस्त्याच्या कडेच्या चरातून पाणी वाहत होतं, आम्ही दोघं त्याच्याकडे बघत उभे राहिलो. वळणावर एसटी दिसली. ताराबाईंनी किटली दुसऱ्या हातात घेतली.

"ते आसताना यायला पायजे व्हतं तुमी," त्या म्हणाल्या, आणि घराच्या वाटेला लागल्या.